नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने एम.ए., एम.कॉम., एम.बी.ए.: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना विषय समजावून देणारी शिक्षिका, म्हणून रविवारची संपर्कसत्रे घेते. प्रवेश सुरू झाले की केंद्राच्या दारात पतसंस्थेतले कारकून, अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणी येऊन थांबतात. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे मी येथे सविस्तर लिहिली आहेत, कारण घाईत दिलेल्या अर्धवट उत्तरामुळे माणसाचे वर्ष आणि पैसे दोन्ही वाया गेलेले मी पाहिले आहेत.

ऑनलाइन पदवी आणि दूरस्थ पदवी एकच का?

नाही, जरी २०२० पासून दोन्हींना विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, एकच नियमावली लागू आहे. दूरस्थ शिक्षणात छापील किंवा पीडीएफ स्वरूपातले स्वयं-अध्ययन साहित्य मिळते, जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होतात आणि परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन अभ्यासक्रमात ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, चर्चेसाठीची जागा आणि चाचण्या हे सारे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या शिक्षणप्रणालीतून चालते, आणि विद्यार्थ्याने किती भाग पाहिला, किती चाचण्या दिल्या याची नोंद ती प्रणाली ठेवते.

प्रवेशाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक हद्दीचा आहे. राज्य विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला कार्यक्षेत्राची मर्यादा असते, ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती नसते. कणकवलीत राहणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश घेता येतो. मात्र त्याच विद्यापीठाचे ‘दूरस्थ शिक्षण केंद्र’ आपल्या तालुक्यात आहे असे कोणी सांगत असेल, तर तेथे पैसे भरण्यापूर्वी थांबावे.

ही पदवी नियमित महाविद्यालयातील पदवीइतकीच ग्राह्य असते का?

होय. मान्यताप्राप्त विद्यापीठाने आयोगाच्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी पारंपरिक पद्धतीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते. २०२०च्या नियमावलीतील २२व्या विनियमात तशी तरतूद आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्वतंत्र सूचना काढून ती पुन्हा स्पष्ट केली. शासकीय नोकरीतील जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी’ एवढीच अट असेल, तर आपण पात्र ठरता.

कागदाच्या या समानतेपलीकडे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खासगी कंपनीत मुलाखत घेणारी व्यक्ती पदवीची पद्धत विचारते आणि कधी कधी त्यावर नाक मुरडते. शिक्षणाची पद्धत प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूस नमूद करण्याचा नियम असल्याने ती लपवण्याचा प्रश्न नाही आणि लपवण्याचे कारणही नाही. ज्याने दिवसभराची नोकरी करून सोळा-वीस विषयांच्या परीक्षा दिल्या आहेत त्याने ती गोष्ट संकोच न करता सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठ आणि अभ्यासक्रम खरे आहेत, हे प्रवेशापूर्वी कसे तपासावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर लांबले तरी पूर्ण वाचावे.

‘आमचे विद्यापीठ यूजीसीमान्य आहे’ हे वाक्य खरे असूनही दिशाभूल करणारे असू शकते. विद्यापीठाला मान्यता असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या विद्यापीठाला तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट पद्धतीने, त्या विशिष्ट शैक्षणिक वर्षात चालवण्याची मुभा असणे ही दुसरी. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठांच्या आणि त्यांच्या अभ्यासक्रमांच्या याद्या सत्रनिहाय दिलेल्या असतात. तेथे आपल्या विद्यापीठाचे नाव उघडावे, अभ्यासक्रमाचे अचूक नाव शोधावे, त्यापुढे दूरस्थ लिहिले आहे की ऑनलाइन ते पाहावे आणि आपण ज्या सत्रात प्रवेश घेत आहोत ते सत्र त्यात आहे याची खात्री करावी. संकेतस्थळावरच्या त्या पानाची प्रत छापून प्रवेशाच्या पावतीसोबत ठेवावी. पाच-सात वर्षांनी पदवीची पडताळणी होते तेव्हा संकेतस्थळाचे रूप बदललेले असते, आणि तो एक कागद फार उपयोगी पडतो.

दूरस्थ किंवा ऑनलाइन शिक्षण फ्रँचायझी देऊन चालवण्यास आयोगाची परवानगी नाही. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपन्या विद्यापीठाला व्याख्यानांचे चित्रीकरण किंवा संगणकप्रणाली यांत साहाय्य करू शकतात. प्रवेश, अध्यापन, परीक्षा आणि पदवी ही विद्यापीठाचीच जबाबदारी राहते. त्यामुळे दिवसातून चार वेळा फोन करून ‘आजच जागा निश्चित करा’ म्हणणाऱ्या समुपदेशकाला एकच विचारावे: शुल्क कोणाच्या खात्यात जमा होईल आणि पावती कोणाच्या नावाची मिळेल? उत्तर विद्यापीठाचे नसेल तर पुढे जाऊ नये.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्यामागे एक मोठा धडा आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी २००१ नंतर आवश्यक मान्यतेविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना आपली पदवी टिकवण्यासाठी परीक्षा देण्याची संधी मिळाली आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द झाल्या. ज्यांनी त्या पदव्यांवर बढत्या घेतल्या होत्या, घरे उभी केली होती, त्यांनी अभ्यास केलाच नव्हता असे नाही. चूक संस्थांची होती आणि भोगावे विद्यार्थ्यांना लागले.

कोणते विषय या पद्धतीने करताच येत नाहीत?

अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, वास्तुरचना, विधी, कृषी, हॉटेल व्यवस्थापन असे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीत निषिद्ध आहेत. पीएच.डी.ही या पद्धतीने करता येत नाही. परदेशी संस्थेच्या सहकार्याने ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या जाहिरातींना भुलू नये, अशी सूचना आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिली होती.

मानसशास्त्राविषयी अलीकडे फार विचारणा होते. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र यांसारख्या आरोग्यसेवेशी संलग्न विषयांना दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीत नवे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली आहे. आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यात हे विषय येतात, हे त्यामागचे कारण आहे. समुपदेशक होण्याची मनापासून इच्छा असलेल्या अनेक स्त्रियांना हे सांगताना मला वाईट वाटते, पण जुन्या माहितीपत्रकावर विसंबून त्यांनी पैसे भरावेत हे त्याहून वाईट होईल.

महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्यांपुढे कोणते पर्याय आहेत?

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, आणि विभागीय केंद्रे व त्यांच्याखालची अभ्यासकेंद्रे यांच्यामुळे ते तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. मराठीतून शिकू आणि लिहू इच्छिणाऱ्यांनी पहिली चौकशी येथे करावी.

मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ पासून काम करते. अनेक वर्षे ‘आयडॉल’ या नावाने ओळखली जाणारी ही कलिना येथील संस्था आता दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र झाली आहे. एम.ए., एम.कॉम. आणि गणितातील एम.एस्सी. यांसाठी तिच्याकडे पाहावे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचेही असे विभाग आहेत.

१९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजेच इग्नूची, विभागीय केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर येथे आणि गोव्यात पणजीला आहेत. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. तेथील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजी आणि हिंदी माध्यमांत आहेत. पदवीपर्यंत सर्व शिक्षण मराठीत झालेल्यांनी इंग्रजी माध्यम निवडण्यापूर्वी त्या विषयाचा एक घटक संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि सलग वाचून पाहावा. दहा पाने वाचून झाल्यावर आपल्याला किती कळले हे ज्याचे त्यालाच समजते.

प्रवेश अर्जात डीईबी आयडी मागतात. तो काय असतो? माझे नाव आधारवर वेगळे आहे, तर काय करावे?

२०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी हा क्रमांक आवश्यक झाला आहे. प्रथम डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या नोंदवहीचे, खाते उघडावे लागते, त्याचा बारा अंकी क्रमांक मिळतो, आणि त्याच्या आधारे डीईबीच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की हा आयडी तयार होतो. यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो.

खरी अडचण नावाची आहे आणि ती प्रामुख्याने विवाहित स्त्रियांना येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आणि पदवीवर माहेरचे नाव, वडिलांचे नाव मधे. आधारवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव मधे. कधी गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर आधारवर शेवटी असते. अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेतल्या मुलाने अंदाजाने एक नाव टाकले, की पुढे पदवीवर तेच छापले जाते आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. म्हणून पदवी कोणत्या नावाने हवी हे आधी ठरवावे. नवे नाव हवे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची सूचना तयार ठेवावी आणि त्यानंतरच आयडी काढावा. जुनेच नाव ठेवण्यातही काही गैर नाही. उलट सर्व शैक्षणिक कागद एका नावाने राहतात. अर्ज अंतिम करण्यापूर्वी पडद्यावरचे नाव अक्षर न अक्षर स्वतः वाचावे.

नोकरी आणि घर सांभाळून किती वेळ काढावा लागेल?

कागदावरचा हिशेब आधी पाहू. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला साधारण ८० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे एकूण २,४०० तास, वर्षाला १,२००, रोजचे तीन तासांहून थोडे अधिक. यात वाचन, संपर्कसत्रे, व्याख्याने, स्वाध्याय (घरी लिहून द्यायची उत्तरे) असे सर्व काही आले. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना रोज एवढा वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. मी पाहिलेले जे विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले त्यांनी रोज दीड तास आणि आठवडी सुट्टीला चार-पाच तास असा नेम ठेवला होता.

दीड तास कोणता, हे प्रत्येकाच्या घरावर अवलंबून आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी पहाटे साडेचार ते सहा ही वेळ धरली होती, कारण सहाला पाणी येते आणि त्यानंतर डब्यांची घाई सुरू होते. ओट्याच्या कडेला पुस्तक उघडे ठेवून त्या उभ्यानेच वाचत. बसले की डोळा लागतो, असे त्या म्हणत. त्यांच्या समाजशास्त्राच्या पुस्तकाच्या कडांना हळदीचे डाग होते. दुसरे एक गृहस्थ मुक्कामी गाडीवर वाहक आहेत. गाडी शेवटच्या गावी लागली की रात्री मोबाइलवर उतरवून घेतलेले व्याख्यान ते ऐकतात, कारण त्या गावी रेंज नसते हे त्यांना अनुभवाने माहीत झाले आहे.

घरच्यांना प्रवेशापूर्वीच विश्वासात घ्यावे, असा माझा आग्रह असतो. परीक्षेच्या महिन्यात लग्न, बारसे, वास्तुशांत यांतले काहीतरी निघतेच, आणि त्या वेळी ‘तिची परीक्षा आहे’ असे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी म्हणणे फार मोलाचे असते. कार्यालयातही परीक्षेच्या तारखा जाहीर होताच रजेचा अर्ज द्यावा. आदल्या आठवड्यात मागितलेली रजा नाकारली गेल्याने पेपर बुडालेले अनेक जण आहेत.

स्वाध्यायांची तयार उत्तरे बाजारात मिळतात. ती उतरवून दिली तर चालेल का?

चालणार नाही. बहुतेक विद्यापीठांत अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो, त्यामुळे ते तीस गुण हमखास मिळवण्याचा मोह होतो. पण एकाच दुकानातल्या झेरॉक्सवरून वीस जणांनी उतरवलेली उत्तरे तपासणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. त्याहून मोठे नुकसान असे, की दूरस्थ शिक्षणात लिहिण्याचा सराव देणारी स्वाध्याय ही जवळजवळ एकमेव जागा आहे. चार पुस्तके पाहून स्वतःच्या भाषेत लिहिलेले अपुरे उत्तर परीक्षेत आठवते. उतरवलेले सुबक उत्तर आठवत नाही.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगते. मी एम.ए. दूरस्थ पद्धतीनेच केले. पहिल्या वर्षी एका विषयाचे स्वाध्याय मुदतीत केंद्रावर दिले, पण पोच घेतली नाही. निकाल आला तेव्हा त्या रकान्यात गुणच नव्हते, आणि माझ्याजवळ दाखवायला काहीही नव्हते. ते स्वाध्याय पुन्हा लिहून सहा महिन्यांनी गुण लागले. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, की देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढावा आणि पोचपावतीवर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ऑनलाइन सादर केल्यास आलेला ई-मेल जपून ठेवावा.

परीक्षा कशी असते?

दूरस्थ अभ्यासक्रमांची परीक्षा केंद्रावर, देखरेखीखाली होते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यापीठानुसार केंद्रावरील संगणकावर किंवा घरून कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली परीक्षा घेतली जाते. घरून परीक्षा द्यायची असेल तर वीज आणि इंटरनेट खंडित झाल्यास काय नियम आहे, हे माहितीपत्रकात वाचावे. पावसाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न येतोच.

लेखी परीक्षेबाबत एक व्यावहारिक सूचना आहे. पदवीनंतर दहा-पंधरा वर्षे आपण सहीखेरीज फारसे हाताने लिहिलेले नसते. तीन तास सलग लिहिताना दीड तासानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते, अक्षर बिघडते आणि येत असलेले शेवटचे उत्तर अर्धे राहते. परीक्षेपूर्वीच्या किमान चार रविवारी मागील प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ लावून, तीन तास लिहावे.

या पदवीवर नेट, सेट किंवा पीएच.डी. करता येते का?

येते, मात्र टक्केवारी लक्षात ठेवावी. नेट ही राष्ट्रीय आणि सेट ही राज्य पातळीवरची, प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे. इग्नूसारख्या विद्यापीठात एम.ए. उत्तीर्ण होण्यास ४० टक्के गुण पुरतात, पण नेटला खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, तेथेही हाच निकष आहे. प्राध्यापक होण्याची इच्छा असलेल्याने पहिल्या स्वाध्यायापासून ५५ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. त्रेपन्न टक्क्यांवर थांबलेल्या विद्यार्थ्याला नंतर श्रेणीसुधार शक्य आहे का, हे विचारत फिरावे लागते.

दोन पदव्या एकाच वेळी करता येतात का?

एप्रिल २०२२ पासून आयोगाने तशी मुभा दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, अथवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन, असे अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, पीएच.डी.ला ही सवलत नाही. नोकरी करणाऱ्याने मात्र या फंदात पडू नये, असे मी सुचवेन.

शुल्क हप्त्यांनी भरावे का?

मुक्त विद्यापीठांचे एम.ए., एम.कॉम.चे शुल्क बहुतेकांना एकरकमी किंवा वर्षागणिक भरता येते. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एम.बी.ए.चे शुल्क त्याच्या कितीतरी पट असते आणि तेथे ‘बिनव्याजी हप्ते’ देऊ केले जातात. पुष्कळदा हे हप्ते म्हणजे एखाद्या वित्तसंस्थेने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. अभ्यास सोडला तरी कर्ज सुटत नाही आणि हप्ता थकला तर आपला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक, घसरतो. फोनवर आलेला ओटीपी सांगण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या करारावर सही करत आहोत ते वाचावे.

ही पदवी परदेशात चालते का?

भारतातील समकक्षता दुसऱ्या देशावर बंधनकारक नसते. आखातात किंवा अन्यत्र नोकरीस असलेल्या आपल्या लोकांनी आपली कंपनी आणि तेथील मूल्यांकन संस्था दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी स्वीकारते का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

मध्येच शिक्षण सुटले तर केलेले सारे वाया जाते का?

लगेच जात नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी साधारणतः चार वर्षांपर्यंत मुदत असते, आणि अकॅडमिक बँकेत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. बाळंतपण, बदली, घरातले आजारपण यांमुळे वर्ष सुटलेले अनेक विद्यार्थी परत आले आहेत. परत येताना नवा प्रवेश घेण्याची घाई करू नये. आधी जुन्या नोंदणीची मुदत किती उरली आहे, उत्तीर्ण विषय कोणते आणि अभ्यासक्रम दरम्यान बदलला आहे का, हे विभागीय केंद्रावर विचारावे. जाताना जुने ओळखपत्र किंवा गुणपत्रिका शोधून सोबत न्यावी, कारण खिडकीवर पहिला प्रश्न कायम नोंदणी क्रमांकाचा असतो.